दुसऱ्या कोकराचं ऋण

दख्खनी मेंढी एका वेताला एकच कोकरू देते. जुळं अगदी तुरळक. सातारा, सांगली, सोलापूर, नगर, पुणे या कोरड्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चालत आलं आहे. जिला उन्हाळाभर कुसळं आणि बाभळीच्या शेंगा खाऊन रोज मैलोन्‌मैल चालायचं आहे, तिच्या कासेत एका पिल्लापुरतंच दूध असतं. पण धनगराचं घर चालतं कोकरांच्या विक्रीवर. लोकरीला आता भाव उरलेला नाही. वर्षाकाठी मेंढीमागे एक कोकरू, त्यातलं काही रोगाने जातं, काही लांडगा नेतो. उरलेल्यात लग्नं, दवाखाने आणि शाळा भागवायच्या.

याच पट्ट्यात मी पशुवैद्य म्हणून सारी नोकरी केली आणि माझ्या डोळ्यांदेखत या मेंढीच्या अंगाखाली दुसरं कोकरू आलं. ते कुठून आलं, कसं आलं, हे सांगताना मला माझं देणं सांगावं लागेल. ज्यांची मी देणेकरी आहे त्यांतल्या काहींना मी कधी पाहिलंही नाही. एकीला मात्र फार जवळून पाहिलं.

पहिलं ऋण परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयातल्या आमच्या सरांचं. ते प्रसूतिशास्त्र शिकवत. देवनारच्या कत्तलखान्यातून आलेली गर्भाशयं पांढऱ्या ट्रेमध्ये मांडून ठेवलेली असत आणि सर प्रत्येकाच्या तळहातावर मेंढीचं एक अंडाशय ठेवत. वालाच्या दाण्याएवढं, गार, ओलसर. त्यावर बोट फिरवलं की एका जागी लालसर उंचवटा लागायचा. तो पीतपिंड. जिथून बीज सुटलं तिथे तो तयार होतो आणि गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन तोच पाझरतो. "एक उंचवटा, एक बीज," सर म्हणायचे. "पोटात काय होऊ शकलं असतं ते इथं लिहिलेलं असतं. वाचायला शिका." मग ते बाजूचे लहान, पारदर्शक फुगे दाखवत. हे न पिकलेले फॉलिकल. मेंढीच्या साधारण सतरा दिवसांच्या चक्रात असे पुष्कळ फॉलिकल वाढायला लागतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एफएसएच येतं, ते त्यांना वाढवतं. पुढे वाढलेले फॉलिकल स्वतःच इस्ट्रोजेन आणि इन्हिबिन सोडून ते एफएसएच खाली आणतात. ज्याला त्या वेळेपर्यंत दुसऱ्या संप्रेरकावर, एलएचवर, तग धरता येतो तो पिकतो. बाकीचे विरून जातात. दख्खनी मेंढीत असा बहुधा एकच उरतो.

सरांनी ही गोष्ट इतक्या आस्थेने सांगितली नसती, तर पुढे फलटणला काय चाललं आहे हे मला कळलंच नसतं. नोकरीच्या कागदांत बुडालेल्या माणसाला संशोधनाची भूक लावून ठेवणं हे मोठं काम आहे. ते त्यांनी केलं.

दुसरं ऋण आक्काचं. तिचं नाव मी लिहीत नाही. तिला ते आवडलं नसतं आणि धनगरांच्या वाड्यावरच्या सगळ्यांची ती आक्काच होती. दिवाळी झाली की त्यांचा वाडा कोकणाकडे उतरायचा आणि पावसाच्या आधी परत यायचा. अधल्यामधल्या दिवसांत फलटण-लोणंदच्या बाजूला कुणाच्या तरी रानात त्यांची मेंढरं खतासाठी बसलेली असत. आमची ओळख एका अडलेल्या मेंढीपायी झाली. मी पोचले तोवर आक्काने आत हात घालून मागे दुमडलेला पाय सरळ केला होता. माझ्या पिशवीतलं काही लागलंच नाही.

त्या दिवशी तिने जे केलं ते मी पुढे प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगत आले. कोकरू जमिनीला टेकताच तिने त्याच्या तोंडात बोट घालून चिकटा काढला, नाकपुड्या पुसल्या आणि कोकरू ओलंच मेंढीच्या तोंडाशी ठेवलं. "चाटू दे तिला. वास बसला पायजे." मग मेंढीच्या दोन्ही सडांतून तिने पहिली धार जमिनीवर पिळून टाकली. सडाच्या तोंडाला मेणासारखं बूच बसलेलं असतं, ते निघाल्याशिवाय अशक्त कोकराला दूध ओढता येत नाही. नंतर कोकराचं तोंड सडाला लावून, शेपटीच्या बुडाशी बोटाने चुळबूळ करत ती बसून राहिली. आई चाटताना तिथेच चाटते आणि त्याने पिल्लू चोखायला लागतं. चीक पोटात गेला की नाही हे ती पोटाला हात लावून पाहायची. कोकराला आईच्या रक्तातून रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात आणि आतडी ती पहिल्या दिवसापुरतीच शोषून घेतात, हे मी पुस्तकात शिकले होते. आक्काला ते तिच्या सासूने शिकवलं होतं.

फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली ती स्थापन केली. कापूस, करडई, ऊस यांवर तिथे काम चाललेलं आम्हाला माहीत होतं. १९९० च्या दशकात मात्र तिथल्या पशुसंवर्धन विभागात अगदी वेगळी मेंढी दिसू लागली. जेमतेम गुडघ्याएवढी, दहा-पंधरा किलो वजनाची, दख्खनीच्या निम्मीही नाही. ती गरोळ, पश्चिम बंगालच्या सुंदरबनातली. तिकडे ती खाऱ्या दलदलीत, पायभर पाण्यात उभी राहून चरते. आणि ती बहुतेक वेताला जुळी देते, कधी तिळीही. संस्थेतल्या डॉ. चंदा निंबकर आणि त्यांचे सहकारी या गरोळची दख्खनीशी गाठ घालत होते. दख्खनीचा आकार, तिची कोरड्या रानातली चिवट चाल आणि गरोळची दुसरं कोकरू देण्याची ताकद एका जनावरात आणायची, हा हेतू. बन्नूर मेंढीचंही रक्त त्यात पुढे आलं. ऑस्ट्रेलियन सरकारची कृषी संशोधन संस्था, तिथली विद्यापीठं आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा असे सगळे १९९८ नंतर या कामात एकत्र आले.

मी त्या संस्थेत नोकरीला नव्हते. तालुक्याच्या दवाखान्यात होते. पण त्यांनी आपली जनावरं कुंपणात ठेवली नाहीत, आसपासच्या धनगरांच्या कळपांत नेली, कानाला बिल्ले लावले, वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. तेव्हा त्यांच्या कामाशी माझा संबंध आपोआप येत गेला.

आता ज्यांना मी पाहिलं नाही त्यांच्याकडे वळते. ऑस्ट्रेलियात हेलन न्यूटन टर्नर नावाच्या बाई होऊन गेल्या. जन्म १९०८ चा. शिक्षण आर्किटेक्टचं, पण मंदीच्या काळात त्या कामाला वाव नव्हता, म्हणून पशुसंशोधन प्रयोगशाळेत सेक्रेटरीच्या खुर्चीवर बसल्या. तिथे आकड्यांची गोडी लागली, संख्याशास्त्र शिकल्या आणि पुढे मेंढ्यांच्या आनुवंशशास्त्रातल्या पहिल्या फळीच्या संशोधक झाल्या. मेंढीने जास्त पिल्लं द्यावीत यासाठी निवड करता येते, हे त्यांनी आयुष्यभर मोजून दाखवलं. न्यू साउथ वेल्समध्ये कूमाजवळच्या 'बुरूला' नावाच्या मेंढवाड्यात सीअर्स बंधूंच्या मेरिनो मेंढ्या चमत्कारिक वाटाव्यात इतकी पिल्लं देत होत्या. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांतली जनावरं टर्नरबाईंच्या संस्थेकडे आली. त्यांत एक एडका पाच भावंडांतला होता. १९८० च्या सुमारास पायपर आणि बिंडन या संशोधकांनी सुचवलं की यामागे एकच मोठा जनुक असावा. तो विचार तेव्हा धाडसाचा होता. पिल्लांची संख्या म्हणजे शेकडो बारीक कारणांची बेरीज, असंच तोवर मानलं जाई.

आणि टर्नरबाईंनी जुनं दफ्तर उलगडलं. मेरिनोत ही ताकद आली कुठून? वसाहतीच्या अगदी सुरुवातीला, १७९२-९३ मध्ये, कलकत्त्याहून जहाजाने बंगालच्या मेंढ्या सिडनीला उतरल्या होत्या. लहानखुऱ्या आणि खूप पिल्लं देणाऱ्या. त्यांचंच रक्त पुढे बुरूलाच्या कळपात पोचलं असावं, असं त्यांनी १९८२ मध्ये मांडलं. सेक्रेटरीच्या खुर्चीतून उठलेल्या या बाईने दोनशे वर्षांपूर्वीच्या जहाजांच्या नोंदींतून आपल्या मेंढीचं माहेर शोधलं, हे मला कुठल्याही शोधाइतकंच मोठं वाटतं.

पुरावा मिळाला तो पुढच्या शतकात. २००१ साली तीन वेगवेगळ्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी तो जनुक हुडकून काढला. मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावर बीएमपीआर-१बी नावाच्या ग्राहक-प्रथिनाचा जनुक आहे. त्या प्रथिनाच्या साखळीत २४९ व्या जागी ग्लुटामीनऐवजी आर्जिनीन आलं आहे, बस, एवढाच बदल. हा ग्राहक फॉलिकलच्या आतल्या पेशींवर असतो आणि त्यांना लवकर पिकण्यापासून आवरून धरणारा निरोप घेतो. बदल झालेला ग्राहक तो निरोप नीट घेत नाही. मग फॉलिकल लहान असतानाच एलएचला दाद द्यायला लागतात, एरवी विरून गेले असते ते तग धरतात आणि एका माजात एकाऐवजी दोन-तीन बीजं सुटतात. सरांनी तळहातावर ठेवलेल्या अंडाशयात जो एकच उंचवटा लागायचा, त्याचं कारण मला इतक्या वर्षांनी असं कळलं. पुढल्याच वर्षी तपासणी झाली तेव्हा सुंदरबनच्या गरोळमध्ये तोच बदल, त्याच जागी सापडला.

यातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. न्यूझीलंडमध्ये इन्व्हरडेल नावाचा दुसरा एक असाच जनुक सापडला होता. त्याची एक प्रत असली की मेंढी जास्त पिल्लं देते आणि दोन प्रती आल्या की तिची अंडाशयं वाढतच नाहीत, ती वांझ राहते. धनगराच्या कळपात असा जनुक सोडणं म्हणजे कुठल्या तरी घराच्या गळ्याला फास. बुरूलाच्या जनुकाचं तसं नाही. दोन प्रती असलेली मेंढीही फळते. शिवाय ऑस्ट्रेलियाच्या मेरिनोत या जनुकाने तीन-चार पिल्लं होतात आणि त्यांतली बरीच मरतात, पण फलटणच्या संकरित दख्खनीत त्याचा जोर सौम्य निघाला. एक प्रत असलेल्या मेंढीला वेतामागे सरासरी दीडच्या आसपास कोकरं, तिळी क्वचित. कोरड्या रानाला झेपेल एवढंच. हा फरक निव्वळ नशिबाने हाती लागला असं कुणी म्हणेल, पण तो कळला तो मोजल्यामुळे. मेंढीला उपाशी ठेवून, डोकं खाली करून पाळण्यावर निजवायचं, कासेच्या पुढे छोटं छिद्र घेऊन दुर्बिणीची नळी आत सोडायची आणि दोन्ही अंडाशयांवरचे पीतपिंड मोजायचे. असं शेकडो जनावरांवर धीराने करणाऱ्या माणसांची नावं वर्तमानपत्रात येत नाहीत. त्यांचंही देणं आहेच.

एडक्याच्या अंगावर या जनुकाची काहीच खूण दिसत नाही. तो बाळगतो आणि आपल्या पाटीला, म्हणजे मादी पिल्लाला, देतो, परिणाम दिसतो तो पाट मोठी होऊन व्याली की. तोवर दोन वर्षं जातात. म्हणून रक्ताच्या थेंबावरून डीएनए तपासून एडका निवडायची सोय पुण्याच्या प्रयोगशाळेने करून दिली, ती धनगराच्या दृष्टीने फार मोलाची ठरली.

आक्काच्या कळपात असा एडका आला आणि यथावकाश त्याच्या पाटी व्यायला लागल्या. तेव्हा पहिल्यांदा मी मोठ्या कौतुकाने तिला म्हणाले, "आक्का, जुळं झालं की!"

ती ओल्या कोकराला पदराने पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "दोन झाली ह्येचं काय कवतिक, डाक्टर? दोन वाडली तर कवतिक."

मग तिने मला दुसऱ्या कोकराचा सगळा हिशोब समजावला. मेंढी पहिलं चाटण्यात गुंतते तेवढ्यात दुसरं लांब पडतं आणि वासाला मुकतं. म्हणून दोन्ही पिल्लं आणि आई एकाच वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, दोनतीन दिवस कोंडून ठेवायची. धाकट्याला आधी पाजायचं, थोरलं आपलं आपण पितं. वाटेवर असताना नवी कोकरं घोड्यावर जातात आणि घोडा एकच, तर कुणाला बसवायचं, कुणाला काखेत घ्यायचं? ज्या मेंढीला दोघांना पाजायचं तिला मूठभर भरडा जास्त हवा, तो कुठल्या पैशातून? रात्री उठून पाजायचं कुणी? "बाप्ये मेंढरामागं असत्यात. हे समदं बायकांच्या अंगावर येतंय." हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. काम किती आहे ते सांगितलं. आणि शेवटी म्हणाली, "पर नगं न्हाई म्हनत मी. दुसरं जगलं तर पोरीची फी निघती."

माझ्या नोंदवहीत जन्मलेल्या कोकरांचा रकाना होता. त्या दिवसापासून मी शेजारी आणखी एक रकाना आखला, तीन महिन्यांनी जिवंत असलेल्यांचा. फलटणच्या शास्त्रज्ञांनीही धनगरांच्या कळपांत नेमकं हेच मोजलं होतं आणि तीन महिन्यांच्या हिशोबातही हा जनुक असलेल्या मेंढ्या पुढेच राहिल्या, हे वाचलं तेव्हा मला आक्काचीच आठवण झाली. प्रजननाचं शास्त्र अंडाशयापाशी सुरू होतं, पण त्याचा निकाल वाघरीत, एका बाईच्या मांडीवर लागतो, हे मला कुठल्याच पुस्तकाने इतकं स्वच्छ सांगितलेलं नाही.

सुंदरबनातल्या ज्या घरांनी गरोळ जपली त्यांचं ऋण कसं फेडायचं, हे मला खरंच उमगत नाही. तिकडेही ही मेंढी घरामागे दोनचार अशीच बांधलेली असते. वादळ, खारं पाणी, चाऱ्याची टंचाई यांत ज्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली त्यांच्या नावाने कुठलाही जनुक ओळखला जात नाही. जगभरच्या शास्त्रीय लेखांत त्याला ऑस्ट्रेलियातल्या एका मेंढवाड्याचं नाव आहे. जहाजावर चढलेल्या त्या मेंढ्या कुणाच्या अंगणातून गेल्या, याची नोंद कुणी ठेवली नाही. फलटणच्या लोकांनी आपल्या लेखांतून गरोळचं नाव पहिल्यापासून आवर्जून घेतलं, याबद्दल मला त्यांच्याविषयी विशेष आदर आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये या जनुकावर पुण्यात आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली. टर्नरबाईंच्या जन्मशताब्दीच्या त्या वर्षी कार्यशाळेला त्यांचंच नाव दिलं होतं. सिडनीतल्या दफ्तरात ज्यांनी बंगालचा माग काढला, त्यांची आठवण महाराष्ट्रात जागवली गेली. असं क्वचित घडतं.

फलटणच्या या मेंढीला आता 'नारी सुवर्णा' म्हणतात. महाराष्ट्राबाहेरही ती गेली आहे. आक्का गेली, तिची सून कळप सांभाळते. कोकरांसाठी तिने वाड्यावर ताडपत्रीचा वेगळा आडोसा केला आहे आणि दुधासाठी शेळ्या ठेवल्या आहेत. जुळ्यांतलं धाकटं आईच्या दुधावर भागलं नाही तर शेळीखाली जातं. ही सोय तिची तिने काढली.

धनगर बंधूंना, आणि हल्ली बंदिस्त मेंढीपालनात उतरणाऱ्या तरुण मुलांना, माझी एक विनंती आहे. जुळी देणाऱ्या जातीचा एडका म्हणून कुणी महागडं जनावर गळ्यात बांधू लागलं तर आधी रक्ततपासणीचा कागद मागा. त्या जनुकाची एक प्रत आहे की दोन, हे त्यावर लिहिलेलं असतं. आणि पैसे मोजण्याआधी घरातल्या बाईला विचारा: दुसऱ्या कोकराला रात्री उठून पाजायला कोण आहे? उत्तर मिळालं नाही तर त्या वर्षी एडका घेऊ नका.